चारही नॉब फुल, आणि तरी मिड गायब : बॉस एचएम-2डब्ल्यू

काळा डबा, त्यावर नारिंगी अक्षरांत ‘हेवी मेटल’ आणि वर चार बारके नॉब. बॉसचं एचएम-2 हे गिटार पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा, 1983 मध्ये आलं आणि 1991 मध्ये बंद झालं. ज्या मेटलचं नाव कपाळावर लिहून ते विकायला ठेवलं होतं, त्या मेटलमधल्या नावाजलेल्या गिटारवाल्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्याकडे मार्शलचे अ‍ॅम्प होते, त्यांना हा डबा कशाला हवा? गंमत म्हणजे पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या बोर्डावर हे पेडल काही वर्षं होतं, आणि त्याच्या हाताखाली ते इतकं सभ्य वाजतं की ओळखूही येत नाही. मग स्टॉकहोममधल्या मिसरूड फुटलेल्या पोरांनी ते उचललं, चारही नॉब उजवीकडे शेवटपर्यंत पिळले, आणि आरा मशीन चालू झाल्यासारखा एक आवाज निघाला. त्या पोरांच्या डेथ मेटल बँडचे अल्बम म्हणजे एन्टूम्ब्डचा 1990 चा पहिला आणि डिसमेम्बरचा 1991 चा पहिला, दोन्ही सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने ध्वनिमुद्रित केलेले. आधी ते ऐका. ते ऐकून ‘हे काय खरखरतंय’ असंच वाटलं तर पुढे वाचू नका, पैसे वाचले असं समजा.

बॉसने जुनं पेडल बंद केल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी, लोकांच्या मागणीला कंटाळून म्हणा की ओळखून म्हणा, वाझा क्राफ्ट या आपल्या उंची मालिकेत एचएम-2डब्ल्यू काढलं. तेच हे. जपानमध्ये बनतं, पूर्ण अ‍ॅनालॉग आहे, किंमत पाच आकडी. नॉब जुनेच चार, मध्ये एक चिमुकला स्विच वाढवलाय : एस म्हणजे स्टँडर्ड, सी म्हणजे कस्टम. एसवर जुनं पेडल. सीवर गेन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, जास्त, अंग भरलेलं, कडा थोड्या घासलेल्या. अनेकांना सी आवडतं. मला ते स्वीडिश पोराला लग्नात सूट घातल्यासारखं वाटतं. एकट्या गिटारवर घरात वाजवताना सी मोठं आणि गोड लागतं. ड्रम आणि बेस सुरू झाले की एसच मिक्समधून वर येतं, कारण त्यात घाण जास्त आहे आणि ती घाण नेमकी कामाच्या जागी आहे.

ती जागा कोणती, हे कळलं नाही तर हे पेडल घेऊन काही उपयोग नाही. नॉबची नावं डावीकडून अशी : लेव्हल, मग ‘कलर मिक्स’चे दोन, एल आणि एच, आणि शेवटी डिस्ट. कलर मिक्स हा साधा टोन नॉब समजून लोक तो बारावर, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तसा मधोमध, ठेवतात आणि इथेच फसतात. हा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणं, होऊन गेल्यानंतर बसवलेला इक्वलायझर आहे, आवाजातला ठरावीक पट्टा वर-खाली करणारा. एल नॉब साधारण 87 हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलतो. एच नॉब एक नाही, दोन टेकड्या उचलतो : एक 960 हर्ट्झच्या जवळ, दुसरी 1280 च्या जवळ. दोन टेकड्या शेजारी शेजारी असल्यामुळे त्यांचं मिळून एक ओबडधोबड पठार होतं, आणि करवतीचे दात म्हणतात ते या पठारावर आहेत. नावात ‘एच’ आहे म्हणून हा ट्रेबल समजू नका. ट्रेबलचा प्रदेश याच्या बराच वर सुरू होतो. हा मिड आहे, आवाजाचा मधला पट्टा. उघडा, उद्धट मिड.

87 हर्ट्झचंही एक गणित आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाड ई तार 82.4 हर्ट्झवर वाजते, पहिला फ्रेट दाबला की एफ, 87.3. म्हणजे एल नॉबची टेकडी जवळजवळ त्या एफवरच उभी आहे. आता गिटार बीमध्ये उतरवा, स्वीडिश डेथ मेटलमध्ये उतरवतात तशी. मोकळी बी तार 61.7 हर्ट्झ, टेकडीच्या खाली. तीच 87.3 ची एफ आता सहाव्या फ्रेटवर आली. म्हणून बी ट्यूनिंगमध्ये पाचव्या ते सातव्या फ्रेटवरचे पॉवर कॉर्ड अचानक फुगतात आणि मोकळी तार त्यामानाने कोरडी लागते. पेडल खराब नाही, पिकअपही खराब नाही. रिफ लिहितानाच हे लक्षात ठेवलं तर पेडल तुमच्या बाजूने लढतं. तारा मात्र जाड घ्या. 25.5 इंची स्केलवर (वाजणाऱ्या तारेची लांबी) बीसाठी 12 ते 60 चा संच चालतो (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात), लहान स्केलच्या गिटारला त्याहून जाड. दहाचा संच बीमध्ये ढिला सोडला की प्रत्येक नोट आधी वर चढते आणि मग खाली बसते, आणि हे पेडल ती चूक लपवत नाही, मोठी करून दाखवतं.

‘चारही नॉब फुल’ ही म्हण झालीये, तर तिच्यातही एक खोट आहे. एल, एच आणि डिस्ट फुल करा, खुशाल करा. लेव्हल फुल करायचा की नाही हे अ‍ॅम्प ठरवतो. ट्यूबचा अ‍ॅम्प असेल तर भरलेली लेव्हल त्याच्या तोंडावर आदळते, ट्यूब आणखी डिस्टॉर्ट होते आणि ते कानाला बरं लागतं. सॉलिड स्टेट कॉम्बो (ट्यूब नसलेला, स्पीकर अंगातच असलेला) असेल, आणि सरावाच्या जॅम रूममध्ये बहुधा तोच असतो, तर त्याचा इनपुट क्लिप होतो, म्हणजे झेपेनासा होऊन आवाजाचे शेंडे कापतो, आणि त्या क्लिपिंगला चव नसते, नुसता चटका असतो. तिथे लेव्हल 9 वाजल्याच्या जागी ठेवून सुरू करा आणि पेडल बंद-चालू करत आवाजाची पातळी जुळवा. चालू केल्यावर किंचित मोठं, एवढंच.

आता जॅम रूम. नागपुरात तासाच्या भाड्याची जॅम रूम म्हणजे बहुधा फोम चिकटवलेली खोली, एक ड्रम किट, दोन कॉम्बो, एक मिक्सर आणि तो सांभाळणारा एक भला माणूस. एचएम-2 सुरू झालं की दुसऱ्या मिनिटाला तो आत डोकावतो : ‘भाऊ, आवाज फाटून राहिला तुमचा.’ आणि मग त्याचा हात मिक्सरवरच्या मिडच्या नॉबकडे जातो. त्याची चूक नाही. त्याचा कान गणपतीच्या आणि वरातीच्या डीजेवर तयार झालाय, आणि तिथे ग्राफिक इक्वलायझरचे खटके नेहमी हसऱ्या तोंडासारखे लावलेले असतात : खालचं वर, वरचं वर, मधलं खाली. कारच्या स्टीरिओतही तेच. त्या हसऱ्या तोंडाने गाण्याची छाती काढून घेतलेली असते, फक्त ते कुणाला जाणवत नाही, कारण बेस धमधमतोय. एचएम-2 चा 1 किलोहर्ट्झ कापला की मागे उरतं फक्त गुरगुरणं आणि वरची भुरभुर. मग गिटारवाला म्हणतो ऐकू येत नाही, लेव्हल वाढवतो, बेसवाला वाढवतो, ड्रमर जोरात मारतो, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे कान बधिर.

यावर उपाय सोपा आहे. अ‍ॅम्प क्लीन चॅनलवर. बेस 4, मिड 6, ट्रेबल 4, प्रेझेन्स असेल तर 3. मिक्सरवर गिटार मायकवरून घेत असाल तर 100 हर्ट्झच्या खालचं कापा, म्हणजे बेस गिटारला जागा मिळते. आणि 5 किलोहर्ट्झच्या वर किंचित खाली घ्या, म्हणजे भुरभुर जाते. 1 किलोहर्ट्झला हात लावू नका, लावलाच तर साऊंडवाल्या भाऊंना सांगा की फाटलेलाच हवा आहे, फक्त तो आपण ठरवू तिथे फाटावा. बेसवाला पण बीमध्ये असेल तर त्याची मोकळी तार 30.9 हर्ट्झवर आहे आणि त्या स्वराचे दुसरे-तिसरे हार्मोनिक 62 आणि 93 वर, म्हणजे तुमच्या एल नॉबच्या अंगणात. तेव्हा एल नॉब फुलवरून एक वाजेपर्यंत खाली आणा. लाज वाटून घेऊ नका. रेकॉर्डवर जो पहाडासारखा आवाज ऐकू येतो त्यात बेस गिटारचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

दोन गिटार असतील तर दोघांनी एचएम-2 फुल लावू नका. हे दुर्दैवाने दर नव्या बँडला एकदा करून बघावंसं वाटतंच. दोन्हीचं पठार त्याच दोन टेकड्यांवर आल्यामुळे डावं-उजवं एकजीव होतं आणि रिफ कळेनासा होतो. एकाला करवत द्या, दुसऱ्याला अ‍ॅम्पचं घट्ट, कोरडं डिस्टॉर्शन. करवत रंग देईल, कोरडी गिटार कडा देईल. तर्री आणि पोहे एकाच पातेल्यात शिजवत नाहीत, वरून ओततात, तसं.

पेडलची खरी मर्यादा इथे सांगून टाकतो. घट्ट, थांबून थांबून मारलेलं पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवणं), आजकालच्या मोजून-मापून वाजवलेल्या मेटलसारखं, यावर येत नाही. हे पेडल आवाज दाबून सपाट करतं, त्यामुळे नोट सुरू होते तेव्हाचा ठोका बोथट होतो. तीनहून जास्त स्वरांचे कॉर्ड वाजवलेत तर चिखल. याचं राज्य आहे सलग ट्रेमोलो पिकिंगवर (एकच नोट भरभर छेडणं), डी-बीट या पंकमधल्या धावत्या ठेक्यावरच्या पॉवर कॉर्डवर आणि संथ, ओढत नेलेल्या डूम मेटलवर. थोडं घट्ट करायचंच असेल तर आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन देणारं पेडल, लावा : ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, टोन बारावर. ते 720 हर्ट्झच्या खालचं हळूहळू काढून घेतं, त्यामुळे डिस्टॉर्शनमध्ये शिरणारा बेस कमी होतो आणि नोटा सुट्या होतात. नंतर एचएम-2 चा एल नॉब तोच बेस परत आणून देतो, पण आता स्वच्छ करून. क्रम उलटा लावलात, म्हणजे स्क्रीमर मागे, तर करवतीच्या खालचा अर्धा भाग कापला जाईल. ते एक वेगळं, बारीक, पंकसारखं वाजतं. वाईट नाही, पण त्यासाठी एवढे पैसे कशाला.

घरी थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये लावून ‘मधमाश्या भुणभुणतायत’ अशी तक्रार करणारे बरेच असतात. स्पीकर नाही, मग भुणभुणणारच. गिटारचा 12 इंची स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. थेट रेकॉर्डिंगमध्ये तो उतार नसतो. पेडलच्या मागे कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरची नक्कल करणारी आयआर फाइल, लावलंच पाहिजे. व्हिंटेज 30 स्पीकरची कुठलीही बरी आयआर घ्या. खरा अ‍ॅम्प आणि खरा मायक असेल तर एसएम57 स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन बोटं. अगदी मध्यावर ठेवलात तर वरचं टोचतं, टोपीपासून दूर, स्पीकरच्या कागदी पडद्याकडे फार सरकवलात तर तोच आपला 1 किलोहर्ट्झ मंद होतो. दोन वेगवेगळे टेक वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला तर तो मध्येच राहतो, रुंद होत नाही. चार-चार थर लावायचा मोह टाळा. डिस्ट फुल असताना दोन थर पुरतात, चौथ्या थरापर्यंत तारेवरचं बोट विरघळलेलं असतं.

आवाजाच्या जोडीला येतो गोंगाट, आणि तो या पेडलला भरपूर आहे. डिस्ट फुल, एच फुल म्हणजे गिटारमधून आलेली प्रत्येक किरकिर वाढवूनच बाहेर पडणार. नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल, लावायचा तर नुसता रांगेत मागे लावू नका. बॉसच्या एनएस-2 सारखं लूप असलेलं घ्या : गिटार गेटच्या इनपुटमध्ये, गेटचा सेंड एचएम-2 मध्ये, एचएम-2 चा आउटपुट गेटच्या रिटर्नमध्ये, मग गेटचा आउटपुट अ‍ॅम्पला. असं केलं की गेट स्वच्छ गिटार ऐकून उघड-मिट ठरवतो आणि शांतता पेडलनंतर करतो. रांगेत लावलेला गेट डिस्टॉर्शनचा गोंगाट ऐकून गोंधळतो आणि लांबवलेल्या कॉर्डची शेपटी खातो. डूमवाल्यांसाठी शेपटी म्हणजेच गाणं.

आणि मग आपला कूलर. मार्च ते जून नागपुरात कूलरशिवाय जॅम रूम नाही, आणि पारा 45 च्या वर गेला की तो बंद कर म्हणायची कुणाची छाती होत नाही. त्याची मोटर आणि पंप त्याच लाइनवर असतात ज्यावर तुमचा अ‍ॅडॉप्टर. हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण, आला तर आधी शोध घ्या, मग उपाय. गिटार हातात धरून जागच्या जागी चौथा भाग फिरा. हम कमी-जास्त झाला तर तो पिकअप हवेतून ओढतोय. पिकअप सिंगल कॉइल असेल तर हे होणारच, हमबकर (हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप) लावा किंवा कूलरपासून लांब, आडवं उभं राहा. फिरून काही फरक पडला नाही तर दोष वीज किंवा अर्थिंगमध्ये. एका अ‍ॅडॉप्टरवर साखळीने पाच पेडलं असतील तर एचएम-2 वेगळं काढा, आयसोलेटेड सप्लायवर द्या. बॅटरी लावून बघा. बॅटरीवर हम गेला तर गुन्हेगार सापडला. तारेला किंवा मायकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि दुसरीकडे जा. त्या खोलीत अर्थिंग नाही किंवा त्यात दोष आहे. हम घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस सोडा, सल्लाही सोडा. कूलरची ओल जॅकवर हळूहळू गंज आणते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा वेळा आत-बाहेर करा. बिजागरीला मारायचं तेल नॉबमध्ये मारू नका. खरखर आठवडाभर जाते, मग धूळ चिकटून दुप्पट परत येते.

हा जो मधला पट्टा साऊंडवाला कापतो, तोच सिनेमावालेही कापतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. माणसाचं बोलणं समजण्यासाठी लागणारी व्यंजनं साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतात. पडद्यावर दोन पात्रं बोलत असताना मागे मेटल वाजवायचं तर गिटारचा तो भाग खणून काढावा लागतो. त्यामुळे सिनेमात मेटल नेहमी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखं लागतं. हिंदी सिनेमातला रॉक बँड तर बोलायलाच नको : गिटारला केबल नाही, ड्रमर सिंबल मारतो तेव्हा आवाज स्नेअरचा, आणि डिस्टॉर्शन फक्त हिरो दुःखी असताना. उरलेले दिग्दर्शक मेटलचा उपयोग ‘हा मुलगा बिघडलाय’ एवढं सांगायला करतात.

याला अपवाद आहेत. ‘साउंड ऑफ मेटल’ (2019) मध्ये सुरुवातीलाच ड्रमर पडद्यावर आहे आणि संवाद नाही, त्यामुळे कुणाला काही खणावं लागलं नाही. पूर्ण पट्टा तुमच्या अंगावर येतो. पुढे त्याची श्रवणशक्ती जाते आणि कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणयंत्रातून त्याला जे ऐकू येतं ते अरुंद, पत्र्यासारखं, बूडच नसलेलं. मिड आहे आणि खाली काही नाही : एचएम-2 चा एल शून्यावर आणि एच फुलवर लावून बघा, त्या जातीची टोचणी मिळेल. ध्वनीचं आणि संकलनाचं ऑस्कर त्याला मिळालं ते योग्यच झालं. घरी बघताना टीव्हीतला नाइट मोड, ऑटो व्हॉल्यूम, संवाद स्पष्ट करणारा मोड हे सगळं बंद करा. हे मोड हळू आवाज वाढवतात आणि मोठा दाबतात. या सिनेमात शांतता हीच गोष्ट आहे आणि ते मोड तिचाच गळा घोटतात. कूलरही दोन तास बंद ठेवता आला तर बघा, नाहीतर पावसाळ्यात बघा.

‘मँडी’ (2018) मध्ये योहान योहान्सनच्या संगीतात सन (लिहिताना Sunn O)))) या ड्रोन बँडच्या, म्हणजे एकेक स्वर लांबच लांब ओढणाऱ्या बँडच्या, स्टीफन ओमॅलीची गिटार आहे, आणि ती पार्श्वसंगीतासारखी मागे बसत नाही, चित्राच्या रंगातच मिसळलेली आहे. दिग्दर्शकाने माणसांना कमी बोलायला लावलं, म्हणून गिटारला जागा मिळाली. एवढी साधी गोष्ट बाकीच्यांना सुचत नाही. टीव्हीच्या चपट्या स्पीकरमधून 100-150 हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही, तेव्हा हेडफोन लावा, नाहीतर नुसता लाल रंग बघाल.

नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवरच्या ‘लॉर्ड्स ऑफ केऑस’ (2018) ने मात्र निराशा केली. योनास ओकरलुंड हा दिग्दर्शक बाथोरी या स्वीडिश मेटल बँडच्या सुरुवातीच्या काळात ड्रम वाजवलेला माणूस, त्याच्याकडून तरी आवाजाची अपेक्षा होती. सिनेमाला आवाजापेक्षा भानगडीत जास्त रस आहे, आणि मूळ संगीत दिलंय सिगुर रोस यांनी, जे आपल्या जागी सुंदर आहे पण इथे साखरेच्या पाकासारखं सगळ्यावर पसरतं. नॉर्वेचं ब्लॅक मेटल आणि स्वीडनचं डेथ मेटल एकच समजणाऱ्यांसाठी : नॉर्वेवाल्यांनी बूड काढून टाकलं आणि वरचा थंड, बारीक आवाज ठेवला, स्वीडनवाल्यांनी मधलं आणि खालचं दोन्ही भरलं. या सिनेमातून हा फरक कळत नाही, चेहऱ्यावरचा रंग तेवढा कळतो. आणि तोंडाला काळं-पांढरं फासून घाबरवायचं तर ज्या शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत रस्त्यावरून निघते आणि लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत तिच्यामागे धावतात, त्या शहराला यात नवीन ते काय.

परत पेडलवर. नवीनच घ्यावं का? आयुष्यात पहिल्यांदा हा आवाज करून बघायचा असेल तर आधी बेहरिंगरचं एचएम300 घ्या. किंमत याच्या एका तुकड्यात बसते, सर्किट त्याच घराण्याचं, नॉबही तेच. डबा प्लास्टिकचा आहे, बॅटरीचं झाकण बिजागरीच्या दोन खिट्या दाबून उघडावं लागतं आणि त्या खिट्या एक दिवस उडून सोफ्याखाली जातात. स्टेजवर बुटाने दाबायचं पेडल हे नाही. पण आवाज सत्तर-ऐंशी टक्के तोच. महिनाभर वाजवूनही करवत सोडवत नसेल तर वाझा घ्या. त्याचा फरक कळतो तो एसवरच्या एच नॉबच्या शेवटच्या चतुर्थांशात, जिथे स्वस्त पेडल नुसतं चिरकतं आणि हे चिरकतानाही स्वर सोडत नाही.

जुनं, 1983 ते 1991 मधलं कुणी विकत असेल तर कथा-कहाण्या ऐकून पैसे देऊ नका. जपानी आधीचं, तैवानचं नंतरचं. दोघांत लोक सांगतात तेवढा फरक मला ऐकू येत नाही. जुन्या पेडलला एसीए प्रकारचा अ‍ॅडॉप्टर लागायचा, ज्यावर 9 व्होल्ट लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याहून जास्त यायचे. आजचा पक्का 9 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला की दिवा मंद लागतो आणि आवाज थोडा पडेल येतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. तपासायचं ते असं : चारही नॉब हळूहळू फिरवा, खरखर आली तर क्लीनरने जाते. पायपट्टी वीस वेळा दाबा; दोनदा दाबल्यावर एकदा लागत असेल तर खालचा छोटा मोमेंटरी स्विच झिजलाय, तो बदलून मिळतो, नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा कुणीही सोल्डर करून देईल. चालू केल्यावर आवाज बारीक आणि बूड नसलेला असेल तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेत, तेही बदलता येतात, पण ते पैसे किमतीतून आधीच कमी करून घ्या.

अ‍ॅडॉप्टर कुठलाही घ्या, 9 व्होल्ट, आणि पिनमध्ये मायनस. कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर हाताशी आहे म्हणून खुपसण्याआधी त्यावरचं गोल-गोल चित्र बघा, मधल्या ठिपक्याला जोडलेलं चिन्ह मायनसच हवं. बॅटरीवर वाजवणार असाल तर इनपुटला केबल लावली की पेडल जागं होतं, पाय दाबा की न दाबा. रात्री केबल काढून ठेवा.